गावाच्या तलावावर गळ टाकायचाय? सातारा-सांगलीतल्या नवख्यांसाठी पहिल्यापासून सगळं

नोकरीनिमित्त साताऱ्याला किंवा सांगलीला बदलून आलेले, नाहीतर बऱ्याच वर्षांनी गावाकडं परतलेले पुष्कळजण हा प्रश्न विचारतात. गावाच्या वरच्या अंगाला तलाव आहे, संध्याकाळी मासा उडताना दिसतो, मग सुट्टीला गळ घेऊन बसायचं तर परवानगी कोणाची लागते? पारावर विचारलं तर एकजण म्हणतो, "बसा की, कोण इचारतंय!" लगेच दुसरा म्हणतो, "ठेकेदारानं बघितलं तर काठी काढून घील." दोघांचंही थोडं थोडं बरोबर असतं आणि नवा माणूस तिथंच अडतो.

तलावाला तीन मालक असतात, हे एकदा समजलं की पुढचं सगळं सोपं होतं. पाणी आणि भराव, म्हणजे पाणी अडवणारा बांध, एका खात्याचा. त्यातला मासा ज्यानं बीज सोडलं त्याचा, म्हणजे बहुतेक वेळा मच्छीमार संस्थेचा. आणि ज्या काठावर तुम्ही बूड टेकणार, तो अनेकदा शेजारच्या शेतकऱ्याच्या वहिवाटीचा. या तिघांना सांभाळून घेतलं तर तुम्हाला कोणी उठवत नाही. म्हणून काठी-दोरीचं नंतर बघू, आधी माणसांचं बघू.

१. तलाव कोणत्या खात्याचा, ते काढा

आपल्याकडं ज्याला सरसकट 'तलाव' म्हणतात त्यात बरेच प्रकार येतात. गावतळं ग्रामपंचायतीकडं असतं. छोटे पाझर तलाव साधारण जिल्हा परिषदेकडं, त्याहून मोठे लघु पाटबंधारे तलाव मृद व जलसंधारण किंवा जलसंपदा खात्याकडं. दोन हजार हेक्टरपर्यंत सिंचन असलेला प्रकल्प लघु, त्यापुढं दहा हजारांपर्यंत मध्यम, त्याहून मोठा तो मोठा प्रकल्प, अशी सरकारी विभागणी आहे. वाळव्यातलं रेठरे धरण, जतचा दोड्डनाला, माणमधले पिंगळी आणि आंधळी, खटावचा नेर, असे तलाव दोन्ही जिल्ह्यांत जागोजागी आहेत.

भरावाच्या तोंडाशी पाटी असते. तिच्यावर खात्याचं नाव आणि 'प्रवेश बंद', 'पोहण्यास मनाई' असं काय काय लिहिलेलं असतं. पाटी पडली असेल तर ग्रामपंचायतीत विचारा, ग्रामसेवकाला (आता या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) किंवा शिपायाला नक्की ठाऊक असतं.

२. मासेमारीचा ठेका कोणाकडं आहे, ते विचारा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि लोक नेमकी हीच गाळतात. सरकारी तलावातला मासेमारीचा हक्क मत्स्यव्यवसाय विभाग ठेक्यानं देतो, साधारण पाच वर्षांसाठी, आणि तो बहुधा स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडं असतो. ग्रामपंचायतीच्या तळ्याचा लिलाव पंचायत स्वतः करते. संस्था ठेक्याची रक्कम भरते, पावसाळ्यात कटला-रोहू-मृगळाची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिलं, विकत आणून पाण्यात सोडते, राखण ठेवते आणि वर्षभर जाळी लावून पैसे वसूल करते. तुमच्या गळाला लागलेला दोन किलोचा कटला कोणीतरी बोटाएवढा असताना पैसे मोजून सोडलेला असतो. हे मनात ठेवूनच संस्थेच्या माणसाशी बोला, बोलणं आपोआप नीट होतं.

ठेकेदार शोधायचे दोन मार्ग आहेत.

सोपा मार्ग असा, की पहाटे तलावावर जा. संध्याकाळी लावलेली जाळी पहाटे ओढतात. ट्यूबवर किंवा थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळं काढणारी माणसं काठाला आली की त्यांना संस्थेच्या चेअरमनचं नाव विचारा. मात्र ते मासे सोडवत असताना मध्ये बोलू नका. मासा बर्फात पडेपर्यंत त्यांना घाई असते.

दुसरा मार्ग सातारा किंवा सांगलीच्या सहायक आयुक्त मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयाचा. कोणता तलाव कोणत्या संस्थेकडं आहे, ठेक्याची मुदत कधी संपते, ही नोंद तिथं असते. जाताना तलावाचं नाव, गाव आणि तालुका लिहून न्या, कारण एकाच नावाचे दोन तलाव असणं आपल्याकडं नवल नाही.

संस्था सहसा तीनपैकी एक गोष्ट सांगते. दिवसाचे ठरावीक पैसे घेऊन गळ टाकू देते, धरलेला मासा बाजारभावानं विकत घ्यायला लावते, किंवा सरळ नाही म्हणते. नाही म्हटलं तर दुसरा तलाव बघा, वाद घालू नका. हो म्हटलं तर या गोष्टी आधीच बोलून घ्या:

- एका माणसाला किती काठ्या चालतील?
- जाळी कुठल्या बाजूला लावलेली असतात?
- कोणता मासा ठेवायचा, कोणता सोडायचा?
- किती किलोपर्यंत नेता येईल?
- रात्री बसलं तर चालेल का? (बहुतेक ठिकाणी उत्तर नाही असतं, आणि ते बरोबरच आहे.)

पैसे दिले की पावती घ्या. इथला नेहमीचा घोटाळा म्हणजे काठावर भेटलेला कोणीतरी "मीच ठेकेदार" म्हणून पैसे घेतो आणि तासाभरानं खरा राखणदार येऊन उभा राहतो. पावतीवर संस्थेचं नाव आणि शिक्का नसेल तर ती पावती नव्हे. छापील पावतीपुस्तक नसेल तर चेअरमनच्या फोनवरून आलेला मजकूर तरी ठेवा.

जवळ ठेवायची कागदपत्रं:

- आधार कार्डाची छायांकित प्रत
- संस्थेची पावती किंवा परवानगीचा मजकूर
- पासपोर्ट आकाराचा एक फोटो (काही संस्था ओळखपत्र करून देतात)
- चेअरमन आणि राखणदार यांचे नंबर, फोनमध्ये आणि कागदावरही

३. जिथं गळ टाकायचाच नाही, त्या जागा

साताऱ्याला पाणी देणाऱ्या कास तलावासारखे पिण्याच्या पाण्याचे साठे सोडून द्या. कोयनेचा शिवसागर आणि चांदोलीचा वसंतसागर यांच्या काठाचा मोठा भाग अभयारण्यात, राष्ट्रीय उद्यानात आणि २०१० साली जाहीर झालेल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो. तिथं वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ लागतो आणि नुसत्या गळामुळंही मोठं प्रकरण उभं राहू शकतं. खटावमध्ये मायणीचा तलाव पक्ष्यांसाठी राखीव आहे, तिथंही नको.

काही गावांत देवळाजवळच्या डोहातले मासे धरत नाहीत, लोक त्यांना चुरमुरे टाकतात. त्याची पाटी नसते, विचारावं लागतं.

आणि सुरुंगाची कांडी, विषारी पाला किंवा औषध, विजेचा करंट यांतलं काही कोणी करत असेल तर तिथून ताबडतोब निघा. स्फोटकं आणि विष वापरून मासे मारणं १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. करंटानं तर मासा मरायच्या आधी माणूस मरतो.

४. सामान: थोडं आणि साधं

पहिल्या हंगामाला रीलची गरज नाही, असं माझं ठाम मत आहे. चिव्याची (बारीक बांबूची) दहा-बारा फुटांची सरळ, सुकलेली काठी घ्या. तिच्या शेंड्याला काठीएवढ्याच लांबीचं तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, बांधा. त्यावर पाण्यावर तरंगणारं बूच, खाली शिशाचा बारका मणी आणि गळ. चिलापी (तिलापिया) आणि लहानसहान मासा यावर झकास लागतो, आणि बूच वाचायला डोळा तयार होतो. रील घेऊन लांब फेकणाऱ्याला हे शिकायलाच मिळत नाही.

मग हौस टिकली तर सात-आठ फुटांचा फायबरचा रॉड आणि मध्यम आकाराचा रील घ्या. तंगूस ०.३० ते ०.३५ मिलिमीटर जाडीचं पुरतं. रीलचा ड्रॅग, म्हणजे ओढ बसली की दोरी सुटू देणारा दाब, कसा सैल-घट्ट करायचा ते दुकानातच समजून घ्या. मोठा सायप्रिनस (कॉमन कार्प) लागला आणि ड्रॅग आवळलेला असला तर तंगूस तटकन तुटतं.

गळाच्या नंबरात नवे लोक हमखास फसतात. नंबर जसा वाढेल तसा गळ बारीक होतो. चिलापीला ८ ते १० नंबर, रोहू-मृगळाला ४ ते ६, मोठ्या कटल्याला त्याहून दांडगा.

गाठ एकच शिका. तंगूस गळाच्या नेढ्यातून ओवा, मूळ दोरीभोवती पाच-सहा वेढे द्या, टोक नेढ्याजवळच्या फासातून परत काढा, थुंकीनं ओलं करा आणि सावकाश आवळा. कोरडी गाठ आवळली की नायलॉन घासून कमजोर होतं आणि नेमक्या मोठ्या माशाला तिथंच सुटतं.

पिशवीत आणखी हे हवं: बारीक तोंडाची पक्कड, छोटी कात्री, जाड ओलं फडकं, लांब दांड्याचं हातजाळं, बर्फाची पेटी किंवा निदान ओलं पोतं, पिण्याचं पाणी, टोपी, गुडघ्यापर्यंतचे बूट, विजेरी, आणि तुटलेलं तंगूस परत आणायला एक रिकामा डबा. काठावर टाकलेल्या तंगुसात पाणकावळे आणि बगळे अडकून मरतात. हा डबा विसरू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

५. पाण्यात काय आहे ते ओळखा

कोणता मासा पाण्याच्या कोणत्या थरात चरतो, त्यावर गळ किती खोल सोडायचा ते ठरतं.

कटला वरच्या थरात. मोठं डोकं, वर वळलेलं तोंड. पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खातो. रोहू मधल्या थरात. मृगळ आणि सायप्रिनस तळाशी, गाळ उकरत. गवत्या (ग्रास कार्प) नावाप्रमाणं पाणवनस्पतींवर. म्हणूनच संस्था हे सगळे एकाच तलावात सोडतात, एकाचं खाणं दुसऱ्याच्या फारसं आड येत नाही.

चिलापी कोणी सोडली नसली तरी असतेच. ती १९५२ मध्ये बाहेरून भारतात आणली गेली आणि पाण्यापाण्यात पसरली. मादी अंडी आणि पिलं तोंडात सांभाळते, त्यामुळं तिची वीण चुकत नाही. उथळ पाण्यात ताटाएवढे गोल खळगे दिसले तर ती चिलापीच्या नरांनी केलेली घरं. नवख्यानं सुरुवात चिलापीपासूनच करावी. ती गांडुळालाही येते, कणकेलाही येते, दिवसभर येते, आणि ती काढली म्हणून संस्थेला फारसं वाईट वाटत नाही. उलट ती फार वाढली की बोटुकलीचं खाणं खाते.

मरळ हा शिकारी मासा. गवताच्या, कमळवेलींच्या कडेनं असतो आणि हवा घ्यायला वर येतो. पावसाळ्यात काठाजवळ लालसर पिलांचा पुंजका पाण्यावर हलताना दिसला तर खाली आईबाप राखणीला असतात आणि गळावर रागानं तुटून पडतात. त्या वेळी त्यांना धरू नका. आईबाप गेले की तो सगळा पुंजका दुसरे मासे खाऊन टाकतात.

शिंगाळा आणि मांगूर संध्याकाळी गांडुळाला लागतात. दोघांच्या कल्ल्यांशेजारच्या परांत टोकदार काटा असतो, शिंगाळ्याच्या पाठीवरही असतो. तो घुसला की हात ठणकून सुजतो. फडक्यानं मागून धरा, काट्यांच्या मागं बोटं ठेवून. थाई मांगूर म्हणजे मोठा वाढणारा परदेशी मांगूर, त्याच्या पालनावर आपल्याकडं बंदी आहे. तो सापडला तर पाण्यात परत सोडू नका, संस्थेला दाखवा.

याच कारणानं घरच्या काचेच्या टाकीतले मासे तलावात कधीही सोडू नका. सकर माशासारखा खरबरीत पाहुणा एकदा पाण्यात शिरला की जाळी फाडत राहतो आणि त्याला कोणी खातही नाही.

६. दिवस आणि वेळ

पावसाळ्यात, श्रावणाच्या आगेमागे, गळ घरी ठेवा. कटला-रोहूच्या पोटात गाबोळी (अंडी) असते, ते ओढ्याच्या वाहत्या पाण्यात चढायला बघतात, आणि संस्था याच सुमारास बोटुकली सोडते. सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर पडायची वाट, वाहत असताना काठही धोक्याचा असतो.

दसऱ्यापासून पाणी निवळतं आणि चांगला हंगाम लागतो. कडाक्याच्या थंडीत मासा सुस्त होतो. तेव्हा पहाटेऐवजी ऊन चढल्यावर बसा. होळीनंतर पुन्हा पहाट आणि संध्याकाळ. भर उन्हाळ्यात एखाद्या पहाटे सगळा मासा वर येऊन तोंडं उघडत असेल तर आनंदून जाऊ नका. पाण्यातला प्राणवायू कमी झालेला असतो, मासा खात नाही, आणि अशा वेळी त्याला छळूही नये. राखणदाराला फोन करा, त्यांना कळलेलं बरं.

आता आपल्या भागाची खास गोष्ट. इथल्या तलावाची पातळी नुसत्या पावसावर हलत नाही, आवर्तनावरही, म्हणजे शेतीसाठी ठरवून सोडलेल्या पाण्यावरही, हलते. रब्बीचं आवर्तन सुटलं की पाणी खाली जातं, उथळातला मासा खोलात सरकतो, आणि पहिले एक-दोन दिवस गळाला तोंड लावत नाही. याच्या उलट, जत-कवठे महांकाळकडं म्हैसाळ उपसा योजनेचं किंवा आटपाडीकडं टेंभू योजनेचं पाणी तलावात सोडतात, माण-खटावात उरमोडी धरणाचं येतं, तेव्हा ते जिथून आत पडतं तिथं मासा गोळा होतो. म्हणून निघायच्या आधी पाटकऱ्याला (कालव्याचं पाणी सोडणाऱ्याला) किंवा काठच्या शेतकऱ्याला एवढंच विचारा, "पाणी चाललंय का आलंय?" बाकी कुठल्याही पंचांगापेक्षा हे उत्तर कामाचं.

७. जागा निवडणं

भरावाच्या दगडी पिचिंगवर (उतारावर रचलेल्या दगडांवर) बसायला सोयीचं वाटतं, पण खात्याची मनाई असेल तर तिथं नको. दगडांच्या फटीत साप असतात हे आणखी एक कारण. मोरीच्या (पाणी सोडायच्या दाराच्या) विहिरीजवळ आणि सांडव्याच्या तोंडाशी कधीच नको. मोरी उघडी असली तर पाण्याची ओढ वरून दिसत नाही.

चांगल्या जागा म्हणजे ओढा तलावाला मिळतो त्याची कड, बुडालेल्या बाभळींच्या अलीकडची मोकळी जागा, आणि उथळ संपून एकदम खोल सुरू होतं ती धार. पाण्याला वारा लागत असेल तर वारा ज्या काठाला जाऊन धडकतो तो काठ धरा. वाऱ्याबरोबर खाणं तिकडं जमतं.

तलाव उतरला की मोकळ्या झालेल्या जमिनीत गाळपेर होते. हरभरा, काकडी, कलिंगड, कडवळ, काय काय असतं. पिकातून वाट काढू नका. कडेनं जा, आणि माणूस दिसला तर विचारा, "आबा, हितं खाली बसलो तर चालंल का?" एवढ्या एका प्रश्नानं पुढच्या वेळची सावलीची जागासुद्धा तेच दाखवतात. गाडी शेताच्या वाटेत लावू नका; उसाची ट्रॉली अडली की मग कोणाचाच दिवस नीट जात नाही.

ओल्या गाळावर पाय टाकण्याआधी काठीनं टोचून बघा. वरून तडकलेली, सुकी दिसणारी पापडी असते आणि खाली मांडीपर्यंत चिखल.

८. आमिष

गांडूळ शेणखताच्या उकिरड्याच्या कडेला मिळतं. ओल्या मातीसकट डब्यात ठेवा, झाकणाला भोकं पाडा, उन्हात ठेवू नका. चिलापी, मांगूर, शिंगाळा, वाम, सगळ्यांना चालतं.

कणीक घट्ट मळा. नवखे ती चपातीसारखी सैल मळतात आणि पहिल्याच फेकीत गोळा उडून जातो. चिमूटभर हळद आणि थोडा कापूस मळून घातला तर गळावर जास्त टिकते. वाटाण्याएवढा गोळा पुरे, गळाचं टोक किंचित उघडं राहू द्या.

रोहू-कटल्यासाठी शेंगदाण्याची पेंड. आपल्या भागात तेलघाणे असल्यामुळं ताजी मिळते, ही मोठी सोय. पेंड तव्यावर वास सुटेपर्यंत भाजा, कुटा, तेवढाच तांदळाचा कोंडा, थोडा गूळ, पाण्याचा हबका, आणि लाडू वळा. कटला आमिष गिळत नाही, पाण्यात विरघळत जाणारा चुरा तोंडानं ओढतो. म्हणून लाडवाभोवती आखूड दोऱ्यांवर तीन-चार गळ मोकळे सोडतात. चुऱ्याबरोबर एखादा आत जातो. पाण्यात भारंभार पेंड टाकू नका. दोन-तीन लहान गोळे पुरतात, जास्त टाकली की तळाशी कुजते.

९. गळ टाकण्यापासून मासा काठावर येईपर्यंत

आधी खोली मोजा. गळाला जड शिसं बांधून सोडा आणि बूच वर-खाली सरकवत बघा. बूच जेमतेम उभं राहिलं की शिसं तळाला टेकलं. मृगळ-सायप्रिनससाठी आमिष तळाला ठेवा, रोहूसाठी अर्ध्या पाण्यात, चिलापीसाठी उथळात हातभर.

मग स्वस्थ बसा. सावली पाण्यावर पडू देऊ नका, काठावर पाय आपटू नका.

बूच प्रत्येक माशाचं वेगळं हलतं. चिलापी टकटक करते आणि एकदम बाजूला ओढते. मृगळ बूच हळूच आडवं करतो, कारण तो तळाचं शिसं उचलतो. सायप्रिनस बराच वेळ खेळवून सरळ खाली नेतो. कटल्याचं बूच नुसतं थरथरतं. बारीक मासे कणीक कुरतडतात तेव्हा बूच नाचत राहतं पण जात नाही. त्या वेळी गळ वर काढून आमिष बघा. काठी उचलायची ती बूच चालू लागल्यावर, आणि उचलायची मनगटानं. खांद्यापासून झटका मारला तर चिलापीचं तोंड फाटतं, मासा जातो आणि जखमी होऊन जातो.

मोठा लागला तर त्याला पळू द्या. काठी उभी धरा, तिच्या वाकण्यानंच तो दमतो. झाडांकडं किंवा जाळ्याकडं वळला तर काठी उलट्या बाजूला आडवी करा. संस्थेच्या जाळ्यात गळ अडकला तर ओढू नका. तंगूस कापा आणि राखणदाराला जागा सांगा. फाटलेलं जाळं शिवायला त्यांचा अख्खा दिवस जातो.

हातजाळं पाण्यात आधीच बुडवून ठेवा आणि मासा त्याच्यावर आणा. सोडायचा असेल तर ओल्या हातानं धरा, गळ पकडीनं उलटा फिरवून काढा, तोंड पुढं करून पाण्यात धरा आणि तो स्वतः निसटेपर्यंत थांबा.

१०. जिवाची काळजी

वळवाचा पाऊस हा इथल्या काठावरचा सगळ्यात मोठा धोका. एप्रिल-मेमध्ये दुपारी पश्चिमेला ढग काळे झाले, गडगडाट ऐकू आला की लगेच सामान आवरा. उघडा काठ आणि हातात उभी काठी, विजेला आणखी काय हवं? कार्बनच्या रॉडमधून वीज वाहते. झाडाखाली थांबू नका, गाडीत किंवा पक्क्या घरात जा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं केलेलं 'दामिनी' ॲप फोनमध्ये असू द्या, ते जवळपास पडणाऱ्या विजेची सूचना देतं.

वीज दुसऱ्या रूपातही काठावर असते. उपसा मोटारींच्या केबली पाण्यातून आणि गवतातून गेलेल्या असतात, जोड कधी उघडे असतात. मोटार आणि पाइप असलेल्या जागेपासून लांब बसा. मागं फेकताना वर तारा आहेत का बघा.

सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठी, भिलवडी, औदुंबर, ब्रह्मनाळ या पट्ट्यात मगरींचा वावर आहे. नदीला जोडलेल्या किंवा नदीजवळच्या पाण्यावर बसायचं असेल तर गावात आधी विचारा, पाण्यात उतरू नका, साफ केलेल्या माशाची घाण काठावर ठेवू नका. उन्हाळ्यात मादी घरट्याजवळ असली तर फार आक्रमक असते.

साप चावला तर बांधाबांध, कापाकापी आणि मांत्रिक या तिन्हींत वेळ घालवू नका. अवयव हलू न देता सरळ सरकारी रुग्णालय. रुग्णवाहिकेला १०८, इतर मदतीला ११२. काही तलावांवर फोनला रेंज नसते, म्हणून कुठं चाललोय आणि कधी परतणार ते घरी सांगून निघा, आणि एकट्यानं जाऊ नका. गळ बोटात उलट्या काट्यापर्यंत रुतला तर ओढू नका. तंगूस कापून दवाखान्यात जा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या.

अडकलेला गळ सोडवायला पाण्यात उतरायचा मोह होतो. उतरू नका. पाणवेलीत पाय गुंततो आणि चांगले पोहणारेही बुडतात. गळ दहा रुपयांचा असतो.

११. निघताना आणि घरी

बोटुकलीपेक्षा थोडाच मोठा झालेला कटला, रोहू, मृगळ सोडून द्या, संस्थेनं सांगितलं नसलं तरी. गाबोळी भरलेली मादीही सोडा. निघताना राखणदाराला मासे दाखवा आणि वजन करून घ्या. लपवलेला एक मासा पुढच्या वर्षभराची परवानगी घालवतो, आणि तुमच्या मागून येणाऱ्या नवख्याचीही.

ठेवायचा मासा लगेच मारा आणि बर्फात घाला. पिशवीत तडफडत ठेवलेल्या माशाचं मांस मऊ पडतं. घरी पोहोचल्यावर खवले शेपटीकडून डोक्याकडं काढा, कल्ले उपटून टाका. पोट चिरताना पित्ताची हिरवी पिशवी फुटू देऊ नका, नाहीतर सगळा मासा कडू होतो. तलावाच्या चिलापीला आणि सायप्रिनसला मातकट वास येतो म्हणून पुष्कळ लोक ते खातच नाहीत. तो वास बराचसा कातडीत आणि पोटातल्या चरबीत असतो. पोटाच्या आतलं काळं पापुद्रं मीठ लावून घासून काढा, तुकड्यांना हळद-मीठ आणि चिंचेचा कोळ लावून अर्धा तास ठेवा, धुऊन घ्या. मग कांदा-लसूण मसाल्यातलं कालवण करा किंवा ज्वारीच्या पिठात घोळवून तव्यावर खरपूस भाजा.